डोहावरची थाळी

ता. ५ डिसेंबर १९३६, शनिवार

ही वही शालिग्राम मास्तरांनी दिली. माझ्या तिसाव्या वर्षी त्यांनी मला मुळाक्षरं शिकवली, तेव्हापासून त्यांच्या घरी मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, माझ्या बागेतून जातो. आज म्हणाले, "पुंजाजी, तुम्ही ऐकता फार. सगळं पोटात साठवू नका, कुठंतरी उतरवत जा."

ऐकतो हे खरं. माझे कान लहानपणापासून तिखट. दुसऱ्याची मोट हाकत होतो तेव्हा चाकाच्या कुरकुरीवरून सांगायचो, कोणाच्या मळ्यात पाणी सुरू झालं आणि कोणाचा बैल आज दमला. आता मोट माझी, बैल माझे, अडाण नदीच्या काठची ही बाग माझी. मंगरूळच्या बाजारात माझी मिरची 'पुंजाजीची मिरची' म्हणून मागतात. हे सगळं उभं राहिलं ते पाटील भगवंतरावांमुळे. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी काठाची पडीक जमीन मला कसायला दिली नसती तर मी अजून दुसऱ्याचेच बैल हाकत असतो. ही गोष्ट वहीच्या पहिल्याच पानावर असावी, म्हणून लिहिली.

बायको, गोजराबाई, डोकावली. "काय लिहून राह्यले?"

"तुह्या चुगल्या."

"मंग हे वही पुरणार नाई," म्हणाली आणि चुलीकडे गेली.

ता. ७ डिसेंबर, सोमवार

आज डोहावर जाऊन आलो. दर सोमवारी जातो. मास्तर म्हणाले, जे रोजचं असतं तेच आधी लिहावं, म्हणून लिहितो.

दिवाळीनंतर आमची नदी आटत जाते. वाळूतून एक धार राहते तेवढीच. पण बागेच्या खालच्या अंगाला काळ्या खडकाचा डोह आहे, तो वैशाखातही आटत नाही. काठाला खडकाच्या पायऱ्या, पाण्याखाली कपारी, वर महादेवाची लहानशी देवळी. पाच वर्षांपूर्वी लोकांनी या डोहाची वाट लावली होती. उन्हाळ्यात निवडुंगाचा चीक पाण्यात ओतायचे आणि मासे उलटे होऊन तरंगले की गोळा करायचे. चुना भाजायला खडकावरचे शिंपले खरवडून पोत्यांनी नेले. खेकडे, गोगलगाई, काही ठेवलं नाही. मलाही त्यात वाईट काही वाटलं नव्हतं. उलट चीक टाकलेल्या दिवशी टोपली घेऊन मीही उभा असायचो.

दुसऱ्या वर्षी डोह हिरवा झाला. मोटेतून शेवाळ यायला लागलं, मिरचीची रोपं कुजली, पाण्याला वास. जानराव भोयाला विचारलं. त्याच्या सात पिढ्या या नदीत. तो म्हणाला, "शेवाळ खाणारे तुमी मारून टाकले. आता शेवाळ कोण खाईन, तुमी?"

मला कळलं. मी पाटलांकडे गेलो. पाटलांनी गाव देवळीपाशी बोलावलं, स्वतः बेलभंडार उचलला. शपथेचे शब्द मी सांगितले, ते माझ्यामागून म्हणाले: या डोहात जाळं टाकणार नाही, गळ टाकणार नाही, चीक टाकणार नाही. मग सगळ्या गावानं उचलला. जानरावनं सगळ्यात शेवटी.

चार वर्षं झाली. आज पाणी असं आहे की तळाचा खडा दिसतो. शिंपले परत खडकाला चिकटले. आणि मासे. मोठ्या खवल्यांचे, भोई त्यांना खडस म्हणतात. एकदा मी काठावर गोजराबाईच्या काशाच्या थाळीत लाह्या खात होतो, विळ्याची पाठ थाळीच्या काठाला लागली, ठण्ण झालं, दचकून लाह्या पाण्यात सांडल्या. मासे आले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम वाजवली. आता तीन ठोके सावकाश, दोन भरभर, असं वाजवलं की कपारीतून सगळे वर येतात, बोटाला तोंड लावतात.

सगळ्यांत पुढे एक थोराड मादी, शेपटीचा वरचा कोपरा फाटलेला. सगळ्यांना ढकलून खाते, पोट भरलं तरी हटत नाही. तिचं नाव मी सासूबाई ठेवलं आहे. गोजराबाईला हे माहीत नाही.

ता. १२ डिसेंबर, शनिवार

जानराव बागेत आला होता. खालच्या वळणावर त्याच्या जाळ्याला परवा इतकं लागलं की दोघांना ओढावं लागलं. डोहात पिल्लं वाढतात आणि पुरात खाली उतरतात, असं तो सांगतो. पूर्वी भोयांची पोरं मजुरीला इंझोरीकडे जायची, यंदा गेली नाहीत.

मी म्हटलं, "पाटलाच्या शपथेचं हे फळ."

तो चिलीम झाडत म्हणाला, "शपथ पाटलाची आसंन. आमी डोहातलं जाळं खाली ठेवलं ते तुमच्या शब्दावर, पुंजाजीभाऊ."

बोलणं गोड वाटलं. पण पाटलांचं श्रेय मी घेणं बरं नव्हे, म्हणून मी विषय मिरचीवर नेला.

ता. १९ डिसेंबर, शनिवार

आज पाटील स्वतः डोहावर आले. चार वर्षांत पहिल्यांदा. आणि मला पुंजाजी म्हणाले. पंधरा वर्षं पुंजा म्हणत आले आहेत. मी ऐकण्यात चूक करत नाही. एकदा नाही, चारदा म्हणाले.

मी थाळी वाजवली. मासे आले तेव्हा पाटील वाकून बघत राहिले. मग पायरीवर उकिडवे बसले. "केवढाले रे बाप्पा. हे सगळे एकाच जागी येतात?"

"याच पायरीपाशी, पाटील."

"कोनंबी वाजोलं तरी?"

"ठोका बरोबर पायजे."

त्यांनी विळा हातात घेतला. पहिल्यांदा जमेना, दोन ठोके उरकून टाकत होते. मी त्यांचा हात धरून शिकवलं. पाटलांचा हात धरायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला अगदी माझ्यासारखं वाजलं, सासूबाई वर आल्या. पाटील हसले, माझ्या पाठीवर थाप दिली.

घरी येऊन गोजराबाईला सांगितलं. ती म्हणाली, "मले पंधरा वर्सांत एकडाव हात धरून काई शिकोलं नाई."

ता. २४ डिसेंबर, गुरुवार

पाटलांकडे वांगी पोचवायला गेलो. मागच्या अंगणात मोहनसिंग सुरुंगवाला बसला होता. पाटलांच्या मळ्यात नवी विहीर चालू आहे, काळा पाषाण लागला, म्हणून तो महिनाभर इथंच आहे. भिंतीआडून मला ऐकू आलं. पाटील विचारत होते, "पान्यात वात भिजत नाई का?"

मोहनसिंग म्हणाला, "मेन लावलं, तं नाई भिजत. पर खोल किती?"

"पुरुषभर."

मला आनंद झाला. म्हणजे विहिरीला पुरुषभर पाणी लागलं, तेही एवढ्या लवकर. आत जाऊन मी पाटलांना तोंड गोड करायला लावणार होतो, पण त्यांनी सांगितल्याशिवाय आपण बोलू नये म्हणून गप्प राहिलो. कान तिखट असणाऱ्यानं तोंड आवरायला शिकलं पाहिजे.

ता. ३० डिसेंबर, बुधवार

दौऱ्यावरचे साहेब येणार आहेत, त्यांच्यासोबत पाच-सहा मंडळी. मुक्काम पाटलांच्या आमराईत, रविवारी. पाटलांनी मला ओसरीवर बोलावून सांगितलं, "पुंजाजी, रविवारच्या जेवनाले तू आमच्या संगं बसजो. खुर्ची ठेवतो तुह्यासाठी."

खुर्चीवर मी आजपर्यंत बसलेलो नाही. शाळेत मास्तरांची आहे, पण ती मोडकी, तिच्यावर तेच जपून बसतात.

पाटलांनी दोन कामं सांगितली. शनिवारी मी गाडी घेऊन मंगरूळला जायचं आणि साहेबांसाठी बटाटे, लिंबं, मसाला घेऊन रविवारी दुपारपर्यंत यायचं. आणि जाताना थाळी त्यांच्याकडे ठेवून जायची. पाहुण्यांना मासे दाखवायचे आहेत.

गोजराबाई थाळी घासत होती. थांबली. "पाटलाच्या घरी थाळ्या नाईत?"

"ह्या थाळीच्या आवाजावर मासे येतात."

"मंग तुमीच जा ना वाजोयाले. बटाटे आनाले गडी नाईत पाटलाकडं?"

"गड्याले बटाटा पारखता येत नाई."

 तिनं थाळी आणखीच जोरात घासली. ही थाळी तिच्या माहेरच्या आहेरातली. तिचा जीव त्या थाळीत आहे, म्हणून ती असं बोलते.

ता. ३ जानेवारी १९३७, रविवार

दोन दिवसांचं एकदम लिहितो.

मंगरूळहून पहाटे निघालो. गावाची शीव यायच्या जरा आधी, सकाळचं ऊन चढलेलं, मला सुरुंग ऐकू आला. एकच. बैल दचकले. विहिरीचा सुरुंग मी शंभर वेळा ऐकला आहे. आधी फुटल्याचा आवाज, मग दगड पडण्याचा. आज दगड पडले नाहीत. आवाज दबका होता, कोणी घोंगडीखाली खोकावं तसा. मनात आलं, पाहुणे आहेत म्हणून मोहनसिंगनं वर काट्याकुपाट्या टाकल्या असतील. पुढे गाडीच्या खडखडाटात विसरलो.

जेवण दिवेलागणीला झालं. आमराईत गॅसबत्ती, पांढरी चादर, आणि खरंच माझ्यासाठी खुर्ची. साहेबांनी मला काहीतरी विचारलं, पाटलांनीच उत्तर दिलं, सगळे हसले, मीही हसलो. खुर्चीत पाय कसे ठेवायचे ते कळेना, मांडी घालावीशी वाटत होती. कोंबडी होती, आणि मासे होते. असा मासा मी जन्मात खाल्ला नव्हता. जाड तुकडा, काटा मोठा, मऊ लुसलुशीत. मी दोनदा घेतला. पाटलांना विचारलं, कुठून आणले?

"खालच्या वळनावरून. जानरावकडून."

मला अभिमान वाटला. म्हटलं, डोह राखला त्याचंच हे फळ, साहेबांच्या ताटापर्यंत गेलं.

मासे पाहुण्यांना आवडले का, थाळीवर आले का, हे विचारायचं राहून गेलं. उद्या सोमवार आहेच. थाळी पाटलांच्या गड्यानं गाडीत ठेवून दिली.

ता. ४ जानेवारी, सोमवार

सकाळी लाह्या घेऊन गेलो. थाळीच्या पाठीला एक खवला चिकटून वाळला होता, रुपयाएवढा. नखानं काढला. तेव्हाही मला कळलं नाही, हे इथं लिहून ठेवतो.

पायरीवर जानराव बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी तीन सावकाश, दोन भरभर वाजवले. कोणी आलं नाही. पुन्हा वाजवले.

पाणी ताकासारखं झालं होतं. ज्या पायरीपाशी मासे येत तिचा कोपरा तुटून आत पडला होता, दगडाचा आतला रंग नवा, राखाडी. कपारीत बोटाएवढी पिल्लं पांढरी होऊन अडकली होती. खेकडे उताणे. शिंपले सगळे तोंड उघडून बसले होते. मी चिखलात हात घालून एकेक पाहत होतो, कुणी हललं तर. हललं नाही.

जानराव म्हणाला, "काल जेवले म्हनते तुमी. खुर्चीवर."

मी चिखलातला हात बाहेर काढला.

"दोनदा घेतला म्हनते."

मी खडकाआड जाऊन ओकायचा प्रयत्न केला. काल रात्रीचं काय निघणार. परत आलो तर जानराव निघून गेला होता. पायरीवर त्यानं गावठी दोऱ्याचं एक जाळं ठेवलं होतं, घडी घातलेलं. चार वर्षांपूर्वी याच पायरीवर त्यानं ते माझ्यासमोर घडी घालून ठेवलं होतं आणि तेव्हापासून डोहात टाकलं नव्हतं. ज्या शब्दावर ते ठेवलं तो शब्द त्यानं मला परत केला, हे मला समजलं. मी ते घरी आणलं नाही, देवळीत ठेवलं.

ता. ६ जानेवारी, बुधवार

दोन दिवस मी असा विचार करत होतो की पाटलांना माहीत नसेल. पाहुण्यांपैकी कोणी, किंवा मोहनसिंगनं पैशासाठी परस्पर. आज गेलो.

पाटील दाढी करवून घेत होते. तोंडाला साबण. मी उभाच.

म्हणाले, "बोल पुंजा."

पुंजा.

मी म्हटलं, "पाटील, तुमी बेलभंडार उचलला व्हता."

"मंग? जाळं टाकलं मी? गळ टाकला? चीक टाकला?" न्हावी थांबला, त्याला हातानं चालू ठेव म्हणाले. "तीन नावं तूच सांगतली व्हती. म्या तीनई पाळले. महादेवाले मी जाब देईन, तुले काहून?"

 शपथेचे शब्द जुळवताना मी दोन दिवस घालवले होते. लोक कसकशानं मासे मारतात ते आठवून आठवून नावं घेतली होती. 'मारणार नाही' एवढंच म्हणावं, हे मला सुचलं नव्हतं. मला वाटलं होतं, नावं घेतली की पक्कं होतं.

पाटील पुढे म्हणाले, "उदास नोको होऊ. साहेब लय खूश हाय. मासे काय, पुन्हा होतात. लाह्या चालू ठेव. होळीच्या आधी आनखी मंडळी येऊन राह्यली. तोवर चार आठ जमव."

म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी मला पडीक जमीन हिरवी करायला जसं ठेवलं तसं. ही ओळ खोडणार होतो. राहू दे.

ता. १० जानेवारी, रविवार

मोहनसिंग बागेच्या कुपाटीशी येऊन उभा राहिला, आत येईना. मी बोलावलं नाही, हाकललंही नाही. शेवटी तोच बोलला.

"माळीबुवा, म्या तीस वर्सं सुरुंग लावले. मले मालक म्हनते तिथं मी लावतो. पर आसं कदी नाई पाह्यलं." बोलता बोलता तो कुपाटीचे काटे मोडत होता. "पाटलानं थाळी वाजोली अन् ते आले. पायाशी. मी म्हटलं, पाटील, हे तं पाळलेले दिसून राह्यले. मी दगड मारून हाकलले बी. पुन्हा आले. थाळी वाजतच व्हती ना. तीन अन् दोन, तीन अन् दोन. मी डोये मिटले तं वाटे तुमीच वाजवून राह्यले."

गोजराबाईनं त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर मी तिच्यावर ओरडलो, काहून पाणी दिलं म्हणून.

ती म्हणाली, "त्यानं दगड तं मारले."

ता. १४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. पाटलांच्या घरून तीळगूळ आला. गोजराबाईनं तो बैलांना खाऊ घातला. मी जानरावच्या घरी तीळगूळ घेऊन गेलो. त्याच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, पदर पुढे करून घेतला, पण बस म्हणाली नाही. आत जानराव खोकत होता. मला त्याचा खोकला कळतो. तो खोटा होता.

ता. १८ जानेवारी, सोमवार

डोहावर गेलो. वाजवायची नाही असं ठरवलं होतं. पण पाणी निवळलं होतं, आणि मला फक्त ऐकायचं होतं, कोणी उरलं आहे का.

तीन आणि दोन.

आले. सात. सासूबाई पुढे. तिचा एक डोळा पांढरा झाला आहे, त्या बाजूनं ती पायरीला धडकली, मग वळून तोंड वर केलं.

लाह्या टाकायचं मला भान राहिलं नाही. इतकं होऊनही आले. आवाज ऐकला आणि आले. याच जागी. सुरुंगानं मेलेल्यांच्या जागी. त्यांना वाटतं या आवाजानंतर लाह्या असतात, आणि हे त्यांना मी शिकवलं आहे. लहानपणी रानात लोक हरणाचं पिल्लू पाळून त्याच्या ओरडण्यावर कळप बोलवायचे, ते मला आवडत नसे. मी वेगळं काय केलं?

थाळी लपवून उपयोग नाही. पाटलांच्या घरी थाळ्या आहेत. गोजराबाईनं हेच विचारलं होतं. ठोका त्यांच्या हातात आहे, मीच धरून बसवला.

ता. २१ जानेवारी, गुरुवार

रात्री झोप नाही. सकाळी मास्तरांना विचारलं, शिकवलेलं विसरवायचं कसं? ते म्हणाले, "विसरवता येत नाही, पुंजाजी. त्यावर दुसरं काही शिकवावं लागतं."

ता. २२ जानेवारी, शुक्रवार

आज पहिल्यांदा मारले. तीन आणि दोन वाजवलं, आले, आणि मी ओंजळभर खडे जोरानं त्यांच्या मधोमध फेकले. मासे पांगले, खाली गेले. पाण्याचा एक थेंब तोंडावर आला. मी थांबलो, पुन्हा वाजवलं. पुन्हा आले, जरा सावकाश. पुन्हा फेकले.

घरी जेवलो नाही.

ता. २७ जानेवारी, बुधवार

रोज सकाळ-संध्याकाळ. चार येतात आता. सासूबाई रोज. तिला पांढऱ्या डोळ्याच्या बाजूनं खडा दिसतच नाही, म्हणून दुसऱ्या बाजूनं मारावा लागतो. आज पाठीवर लागला, एक खवला निघाला.

फेकत असताना मागून कोणी हात धरला. जानराव. त्याचा चेहरा मी लिहू शकत नाही. "तेवढ्यानं पोट नाई भरलं? राह्यले ते बी?"

मी सांगितलं. धड सांगता आलं नाही, पण सांगितलं: होळीच्या आधी पाहुणे येणार, ठोका पाटलांना येतो, मासे आले तर संपतील, न आले तर राहतील. तो माझा हात धरूनच ऐकत होता. मग सोडला. आणि गेला.

ता. २८ जानेवारी, गुरुवार

पायरीवर कोणीतरी खड्यांची ढिगुली ठेवली आहे. नदीतले गोल, गुळगुळीत, सुपारीएवढे, एकही धारेचा नाही. मी जे फेकत होतो ते फुटक्या पायरीचे होते, टोकदार. मला सुचलं नव्हतं.

ता. ८ फेब्रुवारी, सोमवार

दोन आले. जानराव पलीकडच्या काठावर बसतो. मी वाजवतो, तो लांब काठीनं पाणी झोडतो. आम्ही बोलत नाही. आज निघताना तो म्हणाला, "तुमची सासू लय हट्टी." हे नाव त्याला कसं कळलं, देव जाणे. मी कधीतरी मोठ्यानं बोललो असेन.

ता. १६ फेब्रुवारी, मंगळवार

आज ती एकटीच आली. पायरीपर्यंत नाही, दोन हात लांब थांबली. पाण्यात अंग तोलून, तोंड माझ्याकडे. मी खडा उचलला तसा तिनं तो पाहिला असावा, चांगल्या डोळ्यानं. गेली नाही. वाट पाहत होती, खडा की लाह्या.

माझ्या कमरेला सवयीनं लाह्यांची पुरचुंडी होती.

खडा मारला. बरोबर डोक्याशेजारी. जानराव पलीकडून काठी न हलवता बघत होता.

ता. २२ फेब्रुवारी, सोमवार

कोणी आलं नाही. सहा वेळा वाजवलं. कपारीत काहीतरी हललं, खोल, आणि आणखी खोल गेलं. माझे कान आहेत, मला कळलं.

मला आनंद व्हायला पाहिजे.

ता. २८ फेब्रुवारी, रविवार

पाहुणे आले. पाटलांनी मलाही बोलावणं धाडलं. खुर्चीचं काही नव्हतं. डोहावर सगळे उभे, मोहनसिंग एका कडेला पिशवी घेऊन, मान खाली.

पाटलांनी आपल्या घरची थाळी आणली होती, पितळेची. वाजवली. आवाज बसका. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुंजाजी, तुही थाळी आन ना."

आणली. नाही म्हणता आलं असतं. पण माझ्या थाळीवरही येत नाहीत हे त्यांनी पाहणं गरजेचं होतं.

पाटलांनी वाजवलं. तीन सावकाश, दोन भरभर. ठोका अगदी बरोबर, मी शिकवला तसा. पाणी हललं नाही. पुन्हा. पुन्हा. पाहुण्यांतला एक जण घड्याळ पाहू लागला. मोहनसिंगनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तू वाजव," पाटील म्हणाले.

मी पायरीवर उकिडवा बसलो आणि वाजवली. चार वर्षांत वाजवली नसेल इतकी नीट. मनात म्हणत होतो, येऊ नको माय, येऊ नको. डाव्या कपारीच्या तोंडाशी एक बुडबुडा फुटला. त्याचा आवाज माझ्याशिवाय कोणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी ठोका थांबवला नाही.

कोणी आलं नाही.

"संपले काय गा?" पाटील म्हणाले.

"संपले, पाटील."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. पंधरा वर्षांत मी त्यांच्याशी खोटं बोललो नव्हतो, म्हणून त्यांना माझं खोटं ओळखू येत नाही. "नीट राखले नाई तुनं," म्हणाले, आणि पाहुण्यांना घेऊन जेवणाला कोंबड्या बघायला गेले.

मोहनसिंग शेवटी निघाला. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "डाव्या अंगाले, ना?" मी थाळी काखेत मारली. त्यानं मान हलवली आणि पिशवी खांद्यावर टाकून गेला.

ता. १ मार्च, सोमवार

देवळीत गेलो तर जाळं नव्हतं. संध्याकाळी जानराव खालच्या वळणावर ते टाकताना दिसला. मला पाहून त्यानं हात वर केला, बोलावलं नाही, पण केला.

डोहावर मी थाळीशिवाय गेलो. बसलो, लाह्या टाकल्या, त्या तरंगत तरंगत काठाला लागल्या. पाणी परत स्वच्छ झालं आहे. नव्या फुटलेल्या दगडावर एक गोगलगाय चढत होती, बोराएवढी. ती कुठून आली कोण जाणे. ती बघून मी उठलो.

गोजराबाईनं थाळी चिंच लावून घासली आणि आज रात्री तिच्यात मला भाकर वाढली. म्हणाली, आहेराची वस्तू घरात वापरायची असते. थाळी माझ्यासमोर ठेवताना ती फरशीला जरा लागली, ठण्ण झालं.

माझा हात भाकरीकडे जाता जाता मागे आला.